विश्लेषण : दारू सुटली, तरी नैराश्य का राहिले? ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’चे संस्थापक बिल विल्सन यांची गोष्ट काय सांगते?

जगभरातील लाखो लोकांना दारू सोडण्याचा मार्ग दाखवणारा माणूस स्वतः दारू सोडून दहा वर्षे झाल्यावर सकाळी अंथरुणातून उठू शकत नव्हता. त्याने दारूला पुन्हा हात लावला नव्हता. मग त्याला झाले काय होते? घरातल्या व्यसनी माणसाची दारू एकदा सुटली की सगळे प्रश्न सुटतील, असे मानणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने अल्कोहोलिक्स अनॉनिमस (एए) या संघटनेचे सहसंस्थापक बिल विल्सन यांचे आयुष्य समजून घ्यायला हवे. व्यसन आणि मानसिक आजार एकाच माणसात एकत्र राहतात तेव्हा काय घडते, याचे ते बोलके उदाहरण आहे.

बिल विल्सन कोण होते?

विल्यम ग्रिफिथ विल्सन यांचा जन्म २६ नोव्हेंबर १८९५ रोजी अमेरिकेतील व्हर्मॉन्ट राज्यात ईस्ट डॉर्सेट या छोट्या गावात झाला. वडिलांच्या कुटुंबाचे गावात हॉटेल होते आणि त्याच हॉटेलात त्यांचा जन्म झाला. व्यसन घराण्यात होतेच. आजोबा जबर पिणारे होते, पुढे एका आध्यात्मिक अनुभवानंतर त्यांनी दारू सोडली, असे घरात सांगितले जाई. वडीलही पीत.

बिल साधारण दहा वर्षांचे असताना आईवडील वेगळे झाले. वडील कामासाठी दूर निघून गेले. आई वैद्यकीय शिक्षणासाठी बोस्टनला गेली. बिल आणि धाकटी बहीण डोरोथी यांना आईच्या आईवडिलांकडे ठेवण्यात आले. आपल्यातच काहीतरी कमी आहे म्हणून आपल्याला सोडून दिले, ही भावना त्या वयात मनात बसली आणि ती भरून काढण्यासाठी प्रत्येक गोष्टीत पहिले येण्याचा ध्यास लागला. ऑस्ट्रेलियातील माणसाशिवाय बूमरँग कोणालाच बनवता येत नाही, असे आजोबा सहज बोलून गेले. त्यानंतर बिल यांनी कित्येक महिने लाकडे तासली आणि परत येणारे बूमरँग करूनच दाखवले.

नैराश्य आधी की दारू आधी?

व्यसनमुक्ती केंद्रात नातेवाईक हमखास विचारतात तो हा प्रश्न. बिल यांच्या बाबतीत उत्तर स्पष्ट आहे. नैराश्य आधी आले.

१९१२ मध्ये ते शाळेत शिकत होते. वर्गाचे अध्यक्ष, खेळात पुढे, वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवणारे. बर्था बॅमफर्ड या मुलीवर त्यांचे प्रेम होते. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कमध्ये एका शस्त्रक्रियेनंतर तिचा मृत्यू झाला. त्यानंतर बिल कोलमडले. अभ्यास, खेळ, मित्र कशातच मन लागेना. परीक्षांत नापास झाले आणि ठरल्या वेळी शाळा पूर्ण करता आली नाही. पुढे नॉर्विच या लष्करी शिक्षण देणाऱ्या विद्यापीठात गेल्यावर छातीत धडधड, श्वास अडकणे, आता मरणार अशी भीती असे झटके येऊ लागले. डॉक्टरांना हृदयात काहीच दोष सापडला नाही. आज असे लक्षण दिसले तर डॉक्टर पॅनिक अटॅकचा विचार करतील.

तोपर्यंत बिल यांनी दारूचा थेंबही चाखलेला नव्हता. आजोबा आणि वडिलांचे पाहून ते दारूला घाबरतच होते.

पहिल्या पेल्याने काय केले?

१९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. बिल तोफखान्यात सेकंड लेफ्टनंट झाले आणि मॅसॅच्युसेट्समधील न्यू बेडफर्डजवळच्या तळावर त्यांची नेमणूक झाली. गावातील श्रीमंत घरे तरुण अधिकाऱ्यांना मेजवान्यांना बोलावत. खेड्यातून आलेल्या बिल यांना अशा ठिकाणी काय बोलावे, हात कुठे ठेवावेत हेही कळत नसे. अशाच एका मेजवानीत त्यांच्या हातात कॉकटेलचा पेला आला.

काही मिनिटांत त्यांना वाटले, आपल्या आणि जगाच्या मधली भिंत पडली. बुजरेपणा गेला, गप्पा रंगल्या, आपण इथलेच आहोत असे वाटले. लहानपणापासूनची मनातली टोचणी काही तास थांबली. त्या दृष्टीने पाहिले तर दारू ही त्यांनी स्वतःच स्वतःला दिलेली गोळी होती. मनाचा त्रास कमी करण्यासाठी नशेचा आधार घेण्याला आज सेल्फ मेडिकेशन म्हटले जाते. या गोळीची अडचण अशी की तिचा परिणाम उतरला की मूळ त्रास दुप्पट होऊन परततो आणि पुढच्या वेळी मात्रा वाढवावी लागते.

उतरण किती खोल होती?

२४ जानेवारी १९१८ रोजी बिल यांनी ब्रुकलिनमधील एका डॉक्टरांची मुलगी लोइस बर्नहॅम हिच्याशी लग्न केले. युद्धावरून परतल्यावर ते न्यूयॉर्कच्या वॉल स्ट्रीटवर शेअर बाजारात आले. रात्री कायद्याचे वर्गही केले, पण वकिली कधी केली नाही.

त्यांची बुद्धी मात्र तल्लख होती. कंपनीचे शेअर घेण्यापूर्वी तिचा कारखाना प्रत्यक्ष जाऊन पाहावा, ही त्या काळात फारशी रुळलेली नसलेली कल्पना त्यांनी उचलली. १९२५ मध्ये नवराबायको साइडकार जोडलेल्या हार्ले डेव्हिडसन मोटारसायकलवर तंबू आणि पुस्तके घेऊन निघाले आणि गावोगावच्या कंपन्यांची माहिती गोळा करत फिरले. अहवाल चांगले निघाले, पैसा आला. त्याबरोबर पिणेही वाढले.

१९२९ मध्ये बाजार कोसळला. बिल यांचे पैसे बुडाले, पुढे मिळालेल्या संधी दारूने घालवल्या. दोघे ब्रुकलिनला लोइस यांच्या वडिलांच्या घरी राहायला आले. लोइस डिपार्टमेंट स्टोअरमध्ये नोकरी करून घर चालवू लागल्या. बिल घरीच बसून जिन पीत. बायकोच्या पर्समधून पैसे काढत. आता कधीच पिणार नाही, अशी शपथ घरच्या बायबलमध्ये त्यांनी अनेकदा लिहून दिली आणि प्रत्येक वेळी मोडली. शपथ घेताना ते खोटे बोलत नसत. शपथेने व्यसन सुटत असते तर त्यांचे पहिल्याच वेळी सुटले असते.

टाउन्स रुग्णालयात काय घडले?

१९३३ आणि १९३४ या काळात बिल न्यूयॉर्कच्या टाउन्स हॉस्पिटलमध्ये चार वेळा दाखल झाले. डॉक्टर असलेल्या बहिणीच्या पतीने त्यासाठी मदत केली. तेथे डॉ. विल्यम सिल्कवर्थ यांनी त्यांना पहिल्यांदा वेगळी गोष्ट सांगितली. व्यसन म्हणजे चारित्र्याचा दोष नव्हे. मनाला लागलेला अनावर ध्यास आणि दारूला शरीराने दिलेला वेगळा प्रतिसाद मिळून हा आजार होतो. शरीराच्या प्रतिसादाला ते अ‍ॅलर्जी म्हणत. हा शब्द आजच्या वैद्यकशास्त्राने स्वीकारलेला नाही, पण व्यसन हा आजार आहे ही त्यांची मूळ भूमिका आज सर्वमान्य आहे.

नोव्हेंबर १९३४ च्या अखेरीस जुना पिणारा मित्र एबी थॅचर घरी आला. बिल यांनी पुढे केलेला पेला त्याने नाकारला. ऑक्सफर्ड ग्रुप या ख्रिस्ती चळवळीमुळे तो सावरला होता. काही दिवसांनी, ११ डिसेंबर १९३४ रोजी, बिल शेवटचे रुग्णालयात दाखल झाले. तिथे खोल निराशेत असताना खोली प्रकाशाने भरून गेल्याचा आणि मनावरचे ओझे उतरल्याचा अनुभव त्यांना आला. आपल्याला वेड लागले का, असे त्यांनी डॉ. सिल्कवर्थ यांना घाबरून विचारले. डॉक्टरांनी त्यांना धीर दिला. त्या वेळच्या उपचारात बेलाडोना हे वनस्पतीजन्य औषध दिले जाई आणि त्याने भास होऊ शकतात, याकडे नंतरच्या अभ्यासकांनी लक्ष वेधले आहे. अनुभवाचे कारण काहीही असो, त्यानंतर बिल यांनी पुढची ३६ वर्षे दारू घेतली नाही.

‘एए’ची सुरुवात कशी झाली?

रुग्णालयातून बाहेर पडल्यावर सहा महिने बिल इतर दारुड्यांना उपदेश करत फिरले. एकानेही दारू सोडली नाही. मात्र दुसऱ्याला मदत करण्याच्या धडपडीत आपण स्वतः पीत नाही, हे लोइस आणि बिल यांच्या लक्षात आले.

मे १९३५ मध्ये कामानिमित्त बिल ओहायो राज्यातील अ‍ॅक्रन शहरात होते. व्यवहार फिसकटला. खिशात पैसे नव्हते. मेफ्लॉवर हॉटेलच्या लॉबीत एका टोकाला बार होता, दुसऱ्या टोकाला टेलिफोन आणि चर्चची यादी. बिल टेलिफोनकडे वळले. एखाद्या दारुड्याशी बोलायला मिळेल का, अशी त्यांनी चौकशी केली आणि त्यातून डॉ. रॉबर्ट स्मिथ म्हणजेच डॉ. बॉब या सर्जनशी त्यांची भेट झाली. डॉ. बॉब जेमतेम पंधरा मिनिटे बसण्याच्या तयारीने आले होते. दोघे कित्येक तास बोलत राहिले. बिल यांनी या वेळी उपदेश केला नाही, फक्त स्वतःची कहाणी सांगितली. १० जून १९३५ रोजी डॉ. बॉब यांनी शेवटची दारू घेतली. तोच दिवस एएचा स्थापना दिन मानला जातो.

१९३९ मध्ये बिल यांनी मुख्यत्वे लिहिलेले ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’ हे पुस्तक आले. बारा पायऱ्यांचा कार्यक्रम त्यात मांडला होता. मार्च १९४१ मध्ये सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट या साप्ताहिकात मोठा लेख आला आणि सुमारे दोन हजारांची सदस्यसंख्या वर्षअखेरीस आठ हजारांवर गेली.

दारू सुटली, मग १९४४ मध्ये काय झाले?

बाहेरून पाहता सगळे चांगले चालले होते. संघटना वाढत होती, लोइस सोबत होत्या, न्यूयॉर्कच्या उत्तरेला बेडफर्ड हिल्स येथे स्वतःचे घर मिळाले होते. दारू सोडून दहा वर्षे होत आली होती. नेमक्या याच काळात नैराश्याने बिल यांना घेरले. शाळेत असताना आले होते, तेच.

कित्येक दिवस ते अंथरुणातून उठत नसत. कार्यालयात आले तरी टेबलावर डोके ठेवून बसत. देशभरातून रोज पत्रे येत. लोक लिहीत, तुमच्यामुळे आम्ही जगलो. आणि ती पत्रे वाचणाऱ्याला पुढचा दिवस कसा ढकलायचा हे कळत नव्हते. हा काळ कमीअधिक तीव्रतेने १९५५ पर्यंत चालला. एएच्या बारा परंपरांची मांडणी, संघटनेची घडी बसवणे, १९५३ मधील बारा पायऱ्या आणि बारा परंपरांवरचे पुस्तक ही मोठी कामे त्यांनी याच वर्षांत केली. नैराश्य म्हणजे आळस, असा समज असणाऱ्यांनी ही यादी लक्षात ठेवावी.

१९४४ मध्ये बिल डॉ. हॅरी टिबाउट या मानसोपचारतज्ज्ञांकडे जाऊ लागले. त्यानंतर डॉ. फ्रान्सिस वीक्स यांच्याकडे त्यांनी उपचार घेतले. आज जशी नैराश्यावरची औषधे मिळतात, तशी त्या वेळी नव्हती. त्यातील पहिली औषधे १९५०च्या दशकात सापडली. त्यामुळे बोलणे हाच मुख्य आधार होता.

सदस्यांचा आक्षेप काय होता?

संस्थापकच मानसोपचारतज्ज्ञाकडे जातो, हे कळल्यावर अनेक सदस्य नाराज झाले. बिल यांनी बारा पायऱ्या नीट केल्या नाहीत, त्यांची श्रद्धा कमी पडली, म्हणून ही वेळ आली, असे बोलले गेले. काही वर्षांपूर्वीपर्यंत दारुड्याला इच्छाशक्ती नाही म्हणून हिणवले जाई. आता तोच आरोप नैराश्यासाठी होत होता, आणि तो करणारे लोक स्वतः त्या अपमानातून गेलेले होते.

बिल यांनी उपचार थांबवले नाहीत आणि आजार लपवलाही नाही. जानेवारी १९५८ मध्ये एएच्या ग्रेपव्हाइन मासिकात त्यांनी यावर लेख लिहिला. दारू न पिणे ही पहिली मजल, मनाची शांती ही पुढची, असा त्याचा आशय होता. इतरांच्या कौतुकावर आणि प्रेमावर आपण टेकून राहिलो, ते कमी पडले की कोसळत गेलो, असे निरीक्षण त्यांनी स्वतःबद्दल मांडले.

कोणते उपाय त्यांनी करून पाहिले?

सुटकेच्या शोधात बिल काही वादग्रस्त वाटांवरही गेले. २९ ऑगस्ट १९५६ रोजी लॉस एंजेलिसमध्ये वैद्यकीय देखरेखीखाली त्यांनी एलएसडी घेतले. त्या वेळी हे रसायन कायदेशीर होते आणि व्यसनावर त्याचा उपयोग होतो का, यावर संशोधन सुरू होते. संघटनेत मोठी नाराजी पसरली आणि काही वर्षांत त्यांनी हा नाद सोडला. भारतात एलएसडी बाळगणे आणि घेणे आज गुन्हा आहे.

पुढे डॉ. एब्रम हॉफर आणि डॉ. हम्फ्री ऑस्मंड यांच्या सांगण्यावरून त्यांनी ब-३ म्हणजेच नायसिन हे जीवनसत्त्व मोठ्या मात्रेत घेतले. त्यांना बरे वाटले आणि ते त्याचा प्रचार करू लागले. पण या उपायाला नैराश्यावरचा मान्य उपचार म्हणून वैद्यकशास्त्रात स्थान मिळाले नाही.

दुसरे एक व्यसन मात्र सुटले नाही. बिल यांना सिगारेट जडलेली होती. फुप्फुसांना एम्फिसीमा झाला, श्वास घेणे कठीण झाले, तरी ते बराच काळ ओढत राहिले. सोडली तेव्हा उशीर झाला होता. डिसेंबर १९७० च्या अखेरीस, मरणपंथाला लागलेले असताना, त्यांनी सेवेतील लोकांकडे व्हिस्की मागितल्याची नोंद आहे. ती त्यांना देण्यात आली नाही. २४ जानेवारी १९७१ रोजी मायामीत त्यांचे निधन झाले. त्या दिवशी लोइस आणि त्यांच्या लग्नाला ५३ वर्षे पूर्ण होत होती. व्यसनी माणसाच्या घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन ही संघटना १९५१ मध्ये उभी करणाऱ्या लोइस पुढे १९८८ पर्यंत जगल्या.

आजचे वैद्यकशास्त्र काय सांगते?

व्यसन आणि दुसरा मानसिक आजार एकाच व्यक्तीत असेल तर त्याला ड्युअल डायग्नोसिस म्हणजे दुहेरी निदान म्हणतात. नैराश्य, अतिचिंता, बायपोलर, स्किझोफ्रेनिया, आघातानंतरचा तणाव असे आजार व्यसनासोबत आढळतात. दोन्ही एकमेकांना खतपाणी घालतात. उदास माणूस पितो, पिण्याने झोप बिघडते, नोकरी आणि नाती बिघडतात, उदासी वाढते, तो आणखी पितो.

यात डॉक्टर आधी काळाचा हिशेब मांडतात. दारूमुळेच आलेले नैराश्य दारू थांबल्यावर बहुतेकदा काही आठवड्यांत ओसरते. महिनाभरानंतरही ते तसेच राहिले, किंवा दारू सुरू होण्यापूर्वीपासून असले, तर तो स्वतंत्र आजार असण्याची शक्यता मोठी. बिल यांच्याबाबत दोन्ही गोष्टी दिसतात. सतराव्या वर्षी दारूशिवाय नैराश्य होते आणि पन्नाशीच्या आसपासही दारूशिवाय नैराश्य होते. मधली सतरा वर्षे दारूने ते झाकले होते.

म्हणूनच आता दोन्ही आजारांवर एकाच वेळी, शक्यतो एकाच पथकाने उपचार करावेत, असे तज्ज्ञ सांगतात. आधी दारू सोडून या, मग मनाचे बघू, हा सल्ला रुग्णाला रिकाम्या हाताने परत पाठवतो. एएनेही आपली भूमिका स्पष्ट केली आहे. कोणत्याही सदस्याने दुसऱ्याचा डॉक्टर होऊ नये आणि डॉक्टरांनी दिलेली मानसिक आजाराची औषधे बंद करायला सांगू नये, असे संघटनेचे साहित्य सांगते.

महाराष्ट्रातील कुटुंबांनी काय लक्षात ठेवावे?

मुंबई, पुण्यासह राज्यात अनेक ठिकाणी एएच्या मीटिंग मराठीतही होतात. पुण्यातील मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ मध्ये सुरू झाले ते येरवडा मनोरुग्णालयाच्या आवारात, आणि ते उभे करणाऱ्या डॉ. अनिता अवचट स्वतः मानसोपचारतज्ज्ञ होत्या. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातही दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक स्थिती मानसिक आजाराच्या व्याख्येत येते.

रोज भरपूर पिणाऱ्या माणसाची दारू घरच्या घरी एकदम बंद करू नये. फिट येणे, भ्रम होणे असे जिवावर बेतणारे त्रास होऊ शकतात, त्यामुळे डॉक्टरांची देखरेख हवी. दारू सुटल्यावर माणूस गप्प राहू लागला, झोपेनासा झाला, कशातच रस घेईनासा झाला, तर त्याला आता काय कमी आहे असे विचारू नये. त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावे. मीटिंगला जाणे आणि गोळी घेणे यात विरोध नाही. केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ आहे, तर मानसिक आरोग्यासाठीची टेली मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर २४ तास मोफत मिळते.

टाइम साप्ताहिकाने १९९९ मध्ये विसाव्या शतकातील १०० महत्त्वाच्या व्यक्तींमध्ये बिल विल्सन यांचा समावेश केला. ते दारू सोडल्याबद्दल ओळखले जातात. पण दारू सोडल्यानंतरही मन दुखत होते, तेव्हा लोकांचे बोलणे ऐकूनही त्यांनी डॉक्टरांचे दार वाजवले. दारू सोडलेल्या आणि तरीही आतून खचलेल्या माणसाला त्यांच्या आयुष्यातील हा भाग अधिक उपयोगी पडेल.